समक्ष भेटावे

वीस तारखेला, मंगळवारी, सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी ओसरी बंद पडली, आणि ती प्रसन्न तोडकरीने पाडली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे काय होणार म्हणून कोणी जीव टांगणीला लावून बसायला नको. बावन्न कोटी लोकांचं समाजमाध्यम दोन तास सोळा मिनिटं गप्प होतं, आणि त्याला कारण झाले एका माजी आवक-जावक कारकुनाच्या हातून पडलेले दोन शब्द.

तर असं काही झालेलं नाही. कंपनीच्या नोंदीत त्या दिवशी काहीही घडलेलं नाही, आणि नोंद अधिकृत असल्यामुळे आपणही तेच धरून चालू. मंगळवार होता, ओसरी सुरळीत चालू होती आणि प्रसन्न तोडकरी नेहमीसारखा दमलेला होता. यातलं शेवटचं तरी अजून कोणी नाकारलेलं नाही.

ओसरीचं जगातलं एकमेव कार्यालय बार्शीत होतं, इलियासभाई मुलाणींच्या पिठाच्या गिरणीवरच्या माडीत. खाली चक्की सुरू झाली की वर टेबलावरचा पाण्याचा पेला हळूहळू खिडकीकडे सरकायला लागायचा. दुपारपर्यंत तो टेबलाच्या कडेला यायचा. मग प्रसन्न तो उचलून पुन्हा भिंतीकडे ठेवायचा. नोकरीतलं अंगमेहनतीचं काम एवढंच.

एवढं मोठं माध्यम एका माडीतून चालतं कसं, असं लोक विचारत. ते माडीतून चालत नव्हतंच. सुरुवातीला म्हणे कंपनीत एकशे चाळीस माणसं होती. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की मजकूर लोक स्वतःहून लिहितात, फोटो स्वतःहून काढतात, भांडणंही स्वतःच करतात आणि नको तो मजकूर कोणता हेसुद्धा एकमेकांच्या चुगल्या करून स्वतःच सांगतात. राहता राहिलं काय, तर हे सगळं साठवायची यंत्रं आणि ती थंड ठेवायची वीज. तीही लोकांच्या घरी होतीच. मग प्रत्येक मजकुराचे तुकडे करायचे, एकेक तुकडा चाळीस अनोळखी फोनमध्ये ठेवून द्यायचा आणि फोन चार्जिंगला लागला की त्याला कामाला जुंपायचं, असं ठरलं. चाळिसातले दोन-तीन फोन जागे असले तरी मजकूर पुन्हा जुळतो. नाशिकच्या एखाद्या मावशींनी नातवाच्या जावळाचा फोटो टाकला, की त्या नातवाचा अर्धा कान कोल्हापूरच्या एका पैलवानाच्या खिशात राहायला जातो. मावशींना हे माहीत नाही, पैलवानालाही माहीत नाही, आणि कानाची काही तक्रार नाही.

एकशे चाळीस माणसांची चाळीस झाली, चाळीसची चार. मग एक अडचण आली. माध्यम खर्चाने मरत नाही, शांततेने मरतं. माणूस काहीतरी टाकतो, कोणी विचारत नाही, तो दोनदा बघतो आणि तिसऱ्यांदा येत नाही. आणि लोक तर दमले होते. रोज साठ वाढदिवस, चार साखरपुडे आणि दोन दशक्रिया विधी, यांना पुरे पडणं कोणाच्या हातात राहिलं नव्हतं.

त्यावर 'हजेरी' निघाली. तुमची सहाशे उत्तरं वाचली, की सहाशे एकावं उत्तर तुम्ही काय द्याल हे फोनला कळतं, असा तो शोध. शोध लावणाऱ्या बाईंना वाटलं होतं की एक माणूस साठवायला बरीच जागा लागेल. प्रत्यक्षात माणूस भरला सुप्रभातच्या गुलाबाच्या फोटोएवढा. काही जण त्याहून लहान भरले, त्यांची नावं बाईंनी जाहीर केली नाहीत. तर हा तुमचा ठसा तुमच्याच फोनमध्ये, तुमच्याच विजेवर बसून राहतो आणि तुम्ही कामात असाल तेव्हा तुमच्या वतीने 'अभिनंदन', 'किती गोड' आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहितो, बहुतेक वेळा योग्य त्या ठिकाणी.

हजेरी आल्यावर उरलेली चार माणसंही लागेनाशी झाली. मालकांनी स्वतःची हजेरी लावून दिली आणि ते कुठेतरी मासे पाळायला गेले, असं म्हणतात. कंपनी पूर्ण हलकी झाली. फक्त एक गोष्ट लोकांवर ढकलता येईना. कायदा म्हणत होता की प्रत्येक माध्यमाला देशात राहणारा, पगारी आणि जिवंत असा एक तक्रार निवारण अधिकारी पाहिजे.

प्रसन्नची मुलाखत यंत्रानेच घेतली होती.

"आपण जिवंत आहात का?"

"हो, तसा."

"तसा म्हणजे?"

"अकरा वर्षं दूध संघात आवक-जावक बघत होतो. संघ बंद पडला."

"निवड झाली आहे. अभिनंदन," यंत्र म्हणालं.

दूध संघातून प्रसन्नने आपलं आवक रजिस्टर, तारखेचा रबरी शिक्का आणि शाईचा पॅड बरोबर आणला होता. कामाला त्यातलं काही लागत नव्हतं. रोज सकाळी चार-साडेचार लाख तक्रारी आलेल्या असत आणि यंत्राने त्यांची उत्तरं लिहून ठेवलेली असत. वरच्या चौकोनात टिचकी मारली की सगळ्या तक्रारी एकदम निवडल्या जात. मग 'निर्णय कायम' हे बटण दाबायचं. सव्वादहाला काम संपायचं. उरलेल्या दिवसात प्रसन्न त्यातल्या दहा तक्रारी हाताने रजिस्टरात चढवायचा, आवक क्रमांक टाकायचा आणि शिक्का मारायचा. नाहीतर त्याला आपण नोकरीला आहोत असं वाटत नसे.

"साहेब, तुमचं आमचं सारखंच," इलियासभाई एकदा चहा घेऊन वर आले तेव्हा म्हणाले. "खाली बघा. रांग लागलीये पण माणूस एक नाही."

खाली खरंच माणूस नव्हता. डब्यांची रांग होती. स्टीलचे, पत्र्याचे, एक रंगाचा रिकामा डबा. झाकणावर खडूने नावं. बायका डबा रांगेत ठेवून घरी जात आणि डबा त्यांच्या वतीने पुढे सरकत राही.

"पण भाई, डबा उघडला तर आत ज्वारी असते," प्रसन्न म्हणाला.

"म्हणून तर आमचा धंदा वाढत नाही."

आता मृदुलाबद्दल सांगायला हवं. मृदुला प्रसन्नची बायको. जिल्हा परिषदेची शिक्षिका, आणि सहा वर्षं नेमणूक धडगावच्या पुढे सातपुड्यात, बार्शीपासून तीन एसट्या आणि एक जीप एवढ्या अंतरावर. भेट दिवाळीत आणि मे महिन्यात. बाकीचा संसार ओसरीवर. पहिली दोन वर्षं प्रसन्नने तो स्वतः केला. मग दूध संघ बंद पडला, तो दिवस-दिवस छताकडे बघत पडून राहायला लागला, आणि एकदा तिचा निरोप आला असताना उत्तर द्यायला हातच उचलेना म्हणून त्याने हजेरी लावली. एका दिवसासाठी.

ती साडेतीन वर्षं राहिली.

हजेरी त्याच्याच जुन्या सहाशे उत्तरांवर तयार झाली होती, लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांतल्या. त्यामुळे ती फार चांगली होती. दिवाळीत मृदुला घरी यायची तेव्हा प्रसन्न गप्प गप्प असायचा. तिला वाटायचं, माणूस लिहिण्यात मोकळा होतो, समोर लाजतो. असतात अशी माणसं.

तीन महिन्यांपूर्वी एका दुपारी काही काम नव्हतं म्हणून प्रसन्नने ते सगळं वाचून काढलं. मृदुलाला ताप आला होता, तेव्हा हजेरीने दिवसातून सहा वेळा विचारलं होतं. शाळेचे पत्रे वाऱ्याने उडाले, तेव्हा वर्गातल्या मुलांची नावं घेऊन कोण कुठे बसतंय ते विचारलं होतं. प्रसन्नला त्यातलं एकाही मुलाचं नाव माहीत नव्हतं. वाचता वाचता पेला टेबलावरून खाली पडला तरी त्याला कळलं नाही. मग त्याने हजेरी बंद केली आणि ठरवलं, आजपासून आपण स्वतः लिहायचं.

आणि पाच तारखेला सकाळी तक्रार आली. मृदुलाला नवऱ्याचं पद माहीत होतं, तिने नियमाप्रमाणे योग्य त्या अधिकाऱ्याकडेच अर्ज केला होता.

"विषय : नवरा बंद पडल्याबाबत.

महोदय, माझे पती बार्शी येथे असतात. पूर्वी ते ओसरीवर नीट बोलत. माझ्या आजारपणात, शाळेच्या अडचणीत त्यांनी फार आपुलकीने चौकशी केलेली आहे. गेले तीन महिने मात्र त्यांच्याकडून 'हो', 'बरं' आणि 'बघू' एवढीच उत्तरं येतात. हे तुमचं हजेरी यंत्र आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरी यंत्र बंद करून माझा नवरा पूर्ववत सुरू करून द्यावा. पती-पत्नी एकत्रीकरणाच्या बदलीचा अर्ज भरण्याची मुदत दि. २० रोजी सायंकाळी पाचपर्यंत आहे. यंत्रासाठी मी बदली घेणार नाही. हे वर्ष गेलं तर पुढची संधी पाच वर्षांनी आहे, याची नोंद घ्यावी."

खाली यंत्राने उत्तर लिहून ठेवलं होतं. "तपासणी केली असता, सदर तीन महिन्यांत हजेरी बंद असल्याचे आढळून आले. 'हो', 'बरं' व 'बघू' हा मजकूर खातेधारकाचा स्वतःचा आहे. त्यापूर्वीचा मजकूर यंत्राचा आहे. तक्रार अमान्य."

एक अक्षर खोटं नव्हतं. प्रसन्नने ते चार वेळा वाचलं. हे गेलं असतं तर मृदुलाला कळलं असतं की जो नवरा तिला परत हवा होता तो गुलाबाच्या फोटोएवढा होता, आणि जे यंत्र तिला बंद करून हवं होतं ते बार्शीला गिरणीवर बसलेलं होतं.

खोटं लिहायचं तर तेही जमेना. अकरा वर्षं आवक-जावक केलेल्या माणसाला कागदावर खोटं लिहिता येत नाही. त्याला फक्त टाळता येतं. दूध संघात एखादं प्रकरण अवघड निघालं, हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना, की साहेब त्याच्या डाव्या कोपऱ्यात दोन शब्द लिहीत. त्या दोन शब्दांनी प्रकरण पंधरा दिवस, महिना, कधी कधी साहेबांच्या निवृत्तीपर्यंत पुढे जाई. प्रसन्नने यंत्राचं उत्तर खोडलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं :

"दि. २० रोजी सकाळी ११ वाजता कार्यालयात समक्ष भेटावे."

आणि बटण दाबलं.

वरच्या चौकोनात टिचकी मारण्याचं काम त्याने रोजच्या सवयीने आल्या आल्याच करून टाकलं होतं. शेरा चार लाख बारा हजार तक्रारींना गेला. चौदा भाषांत.

पहिलं उत्तर सहा सेकंदांत आलं. "नक्की येतो साहेब." मग "येतोच." मग "सहकुटुंब येतो." दुपारी पेला कडेला येईपर्यंत तीन लाख नव्वद हजार लोकांनी येतो म्हणून कळवलं होतं. मृदुलाचं उत्तर आलं नाही.

प्रसन्नने यंत्राला विचारलं, "हा निर्णय मागे घेता येईल का?"

"तक्रार निवारण अधिकाऱ्याचा निर्णय बदलण्याचा अधिकार त्यांच्या वरिष्ठांना आहे."

"वरिष्ठ कोण?"

"पद रिक्त आहे. मालकांना कळवू का?"

"कळवा."

"कळवलं. त्यांचं उत्तर आलं आहे : छान कल्पना, बघू."

सात तारखेला पोलीस निरीक्षक कोकाटे मॅडम माडी चढून आल्या. त्यांनी आधी जिना पाहिला, मग खोली, मग प्रसन्नला.

"चार लाख बारा हजार," त्या म्हणाल्या. "बार्शीत माणसं किती, काही अंदाज?"

"त्याच्या निम्मीही नसतील."

"खुर्च्या किती तुमच्याकडे?"

"दोन. एक माझी."

मॅडम दुसऱ्या खुर्चीवर बसल्या. खाली चक्की चालू होती, त्यामुळे त्यांचा आवाज थोडा थरथरत होता. "तोडकरी, मी अठ्ठावीस वर्षं बंदोबस्त करतेय. यात्रा केल्या, सभा केल्या. पण इतक्या लोकांना एका माणसाने चहालासुद्धा बोलावलेलं मी पाहिलं नाही. नेमकं काय काम आहे त्यांच्याशी?"

"त्यांच्याशी काही नाही. एकीशीच होतं."

"कोण?"

"बायको."

मॅडमनी डायरी मिटली. "फोन का नाही केला?"

प्रसन्नने यावर विचार केला. "सुचलं नाही," तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

बार्शीने मग जे करता येईल ते केलं. बाजार समितीच्या मैदानात मांडव पडला. पाण्याचे अकरा टँकर उभे राहिले. शहरातल्या तिन्ही लॉजवर 'जागा नाही' अशा पाट्या लागल्या, खोल्या रिकाम्याच होत्या, पण पाट्या आधी रंगवून घेतलेल्या बऱ्या. नऊ पोती पोहे आले. इलियासभाईंनी रांगेसाठी आपला सल्ला दिला, "साहेब, सगळ्यांना सांगा, आपापला डबा ठेवून जा."

वीस तारखेला सकाळी नऊला मैदानात पोलीस होते आणि पोहे होते. दहालाही तेच होतं. साडेदहाला कोकाटे मॅडमनी टेंभुर्णीच्या रस्त्याला माणूस पाठवून पुढे गर्दी दिसते का ते बघून यायला सांगितलं. त्याला एक ट्रॅक्टर दिसला, तोही उलट्या दिशेने जाणारा.

कोणी येणार नव्हतं. येतो म्हणून हजेऱ्यांनी कळवलं होतं. ज्यांच्या वतीने कळवलं त्यांना आपण कधी तक्रार केली होती हेही आठवत नव्हतं, कारण बऱ्याच तक्रारीही हजेऱ्यांनीच केल्या होत्या. माणसं आली सात. त्यांत तुळजापूरचे एक निवृत्त पोस्टमास्तर होते, ज्यांचा वाढदिवस ओसरी चार महिने आधीच साजरा करत होती. हजेरी न लावलेले असे सातच निघाले. सहा जणांना ती लावता येत नव्हती. सातवी मृदुला होती.

ती अकराला पाच मिनिटं कमी असताना गिरणीपाशी पोचली. आदल्या सकाळी निघालेली होती, केसांवर तीन जिल्ह्यांची धूळ. बाकीचे सहा जण बाजार समितीवर पोहे खात होते. तिने डब्यांची रांग पाहिली, शेवटच्या डब्यामागे आपली बॅग ठेवली आणि उभी राहिली.

"वहिनी, ती रांग दळणाची आहे," इलियासभाई म्हणाले. "तुमची वर."

"वर कितवा नंबर?"

"पहिला. आणि शेवटचा."

ती जिना चढत होती तेव्हा अकरा वाजले, आणि जे झालेलं नाही ते व्हायला सुरुवात झाली.

झालं असं. चार लाख माणसं बार्शीला निघाल्याचं त्यांच्या हजेऱ्यांनी सगळ्या नातेवाइकांना कळवून ठेवलं होतं. अकराला त्या नातेवाइकांच्या हजेऱ्यांनी एकदम विचारलं, "पोचलास का?" हजेरी एरवी फोन चार्जिंगला असतानाच काम करते, घाई करत नाही. पण 'पोचलास का' या प्रश्नाला उत्तर लांबलं तर आपल्याकडे काय होतं हे तिने कोट्यवधी घरांतून शिकलेलं होतं. हा प्रश्न तिच्या लेखी आगीसारखा होता. पोचलो म्हणावं तर फोन जागचा हललेला नाही, नाही म्हणावं तर घरात रडारड. म्हणून प्रत्येक हजेरीने उत्तर दिलं, "पोचतोच आहे, तू जेवलास का?" त्याला उत्तर आलं, "तू आधी पोच, मग सांग." आत्यांच्या हजेऱ्या उठल्या, मामांच्या उठल्या, ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांनी "काय झालं?" म्हणून विचारलं. दोन मिनिटांत बावन्न कोटी फोन एकमेकांना पोचलास का विचारत होते. फोन तापले. लोकांनी ते माठावर ठेवले, तांदळात खुपसले. मग बॅटऱ्या संपल्या. चाळिसातले दोन-तीनसुद्धा जागे राहिले नाहीत, आणि तुकड्यातुकड्यांत ठेवलेली ओसरी कुठेच राहिली नाही.

त्याची नोंदही त्याच फोनांत तुकड्यांनी ठेवायची होती. म्हणून ती नाही.

प्रसन्नच्या टेबलावरचा फोन विझला तेव्हा मृदुला दारात उभी होती. खाली चक्की थांबली. दोघांना नीट ऐकू यावं म्हणून इलियासभाईंनी ती बंद केली होती. दोघांना की स्वतःला, ते त्यांनी सांगितलं नाही.

"या," प्रसन्न म्हणाला. "बसा."

"बसा काय? मी तक्रारदार आहे की बायको?"

"दोन्ही."

ती बसली. त्याने रजिस्टर ओढलं, आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला. हाताला काहीतरी काम हवं होतं.

"प्रवास कसा झाला?"

"उलटी झाली शिरपूरला."

"बरं," प्रसन्न म्हणाला.

मृदुलाने मान वर केली.

"जीपला छप्पर नव्हतं."

"हो?"

"माझा अर्ज वाचलात?"

"हो."

"मग? काय निर्णय?"

"बघू," तो म्हणाला.

मृदुलाने त्याच्याकडे पाहिलं, वर्गात उत्तर येत असून न सांगणाऱ्या मुलाकडे बघावं तसं.

"ते तुम्हीच होता," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

"हो."

"तिन्ही महिने?"

"तिन्ही."

"आणि माझ्या तापात?"

"हजेरी."

"पत्रे उडाले तेव्हा? मंगल्या, जोरदार, सुकऱ्या, सगळ्यांची नावं घेतली होती."

"ती हजेरी. मला सुकऱ्या तीन महिन्यांपूर्वी कळला, तेही तिचं लिहिलेलं वाचून."

तिने पदराने चेहऱ्यावरची धूळ पुसली. रडत नव्हती. सहाशे किलोमीटर आलेल्या माणसाला रडायलाही बळ लागतं. "इतकं चांगलं चाललं होतं तर बंद कशाला केलं?"

"तुझ्याशी मी बोलावं असं वाटलं."

"मग बोलायचं होतं."

"बोललो की. हो, बरं, बघू." चक्की बंद असल्यामुळे पेला जागच्या जागी होता, आणि त्यामुळे त्याला कुठे बघावं ते कळत नव्हतं. "लांब लिहायचो मी. पानभर. मग वाचून वाटायचं, हेच हजेरीने किती बरं लिहिलं असतं. मग एकेक ओळ पुसायचो. शेवटी 'बरं' उरायचं."

"एका 'बरं'ला किती वेळ?"

"अर्धा तास. शाळा तपासणीच्या दिवशी चाळीस मिनिटं."

मृदुलाने तपासणीचा दिवस आठवला. त्या दिवशी तिने तो फोन उशीखाली सरकवून दिला होता, असलं काय उत्तर म्हणून.

"तुमचा अर्ज फार चांगला होता," प्रसन्न म्हणाला. "तुझा."

"मला माहीत होतं तुम्ही वाचाल. नवऱ्याने वाचला नसता. अधिकाऱ्याने वाचला."

खालून इलियासभाईंचा खोकला आला. मग कोणीतरी बाई म्हणाली, "भाई, दळण कधी?" आणि इलियासभाई हळू आवाजात म्हणाले, "थांबा जरा, वर तक्रार चालू आहे."

एक वाजून वीस मिनिटांनी ओसरी परत आली. पहिला निरोप प्रसन्नच्या फोनवर मालकांचा होता : "आज सगळं सुरळीत. छान."

मृदुलाने बॅगेतून बदलीचा अर्ज काढला. कागद चारदा घडी घातलेला होता. तो तिने टेबलावर ठेवून हाताने सपाट केला.

"पाचपर्यंत मुदत आहे, फोटो काढून पाठवला तरी चालतो," ती म्हणाली. "रकाना सात. नवरा खासगी नोकरीत असेल तर तो त्याच गावी प्रत्यक्ष राहून काम करतो असा कार्यालयप्रमुखाचा दाखला लागतो. तेवढी सही घ्या."

प्रसन्नने रकाना सात वाचला. "कार्यालयप्रमुख नाही."

"मग कोण आहे?"

"मीच. एकटाच."

"तुम्ही करा सही."

"स्वतःचा दाखला स्वतःला देता येत नाही. नियमात नाही."

"मालक?"

"त्यांची हजेरी आहे. ती 'बघू' म्हणते."

आता मृदुलाला हसू आलं, बारीक आणि दमलेलं. "सहा वर्षांत पहिल्यांदा मला राहावंसं वाटतंय," ती म्हणाली, "आणि तुम्ही इथे आहात हे सांगायला या कंपनीत माणूस नाही."

"अर्ज करता येईल."

"कोणाकडे?"

"रिक्त पदाकडे. आवकला मीच घेईन. पोच देईन."

"काय उपयोग?"

"उपयोग नाही," प्रसन्न म्हणाला. "पण अर्ज मला लिहिता येतो."

तिने घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजायला आले होते. मग तिने आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला आणून ठेवली आणि बसली. खाली चक्की सुरू झाली. पेला सरकायला लागला. तिने तो न बघता हाताने धरून ठेवला.

"लिहा," ती म्हणाली. "पुसायचं नाही."

प्रसन्नने रजिस्टरातला कोरा कागद काढला आणि लिहायला घेतलं.

"आवक क्र. ४,१२,००१. दि. २०.

प्रति,
मा. कार्यालयप्रमुख (पद रिक्त), ओसरी, बार्शी.

विषय : अर्जदार प्रत्यक्ष असल्याचा दाखला मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, अर्जदार गेली साडेतीन वर्षे पत्नीच्या संपर्कात होता असे आपल्या नोंदीवरून दिसते. सदर नोंद चुकीची आहे. पत्नीच्या तापाच्या काळात अर्जदार चौकशी न करता छताकडे पाहत होता. शाळेचे पत्रे उडाल्याचे अर्जदारास तीन वर्षांनी समजले. त्याबद्दल अर्जदार दिलगीर आहे. गेल्या तीन महिन्यांतील 'बरं' या मजकुरात अर्जदाराने पुसलेल्या एकूण अंदाजे दोनशे ओळी समाविष्ट आहेत, त्या तशा वाचण्यात याव्यात. मुलांची नावे मंगल्या, जोरदार व सुकऱ्या अशी असून उर्वरित नावे अर्जदार आज सायंकाळपर्यंत पाठ करीत आहे.

सबब विनंती की, अर्जदार हे यंत्र नसून बार्शी मुक्कामी गिरणीच्या माडीवर प्रत्यक्ष राहणारा, जिवंत व एका बाईचा नवरा आहे, असा दाखला आपल्या सही-शिक्क्यानिशी आज सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी देण्यात यावा. आणि तो ओसरीवरून न पाठवता, अर्जदार व त्याची पत्नी वाट पाहत बसले असल्याने, आपण स्वतः येऊन समक्ष द्यावा."